कर्नलमधला बफर: आधीच राखून ठेवायचा की लागेल तेव्हा मागायचा?

लिनक्ससाठी एखादा साधा कॅरॅक्टर ड्रायव्हर लिहायला बसलं की पहिल्या तासाभरात हा प्रश्न पुढ्यात येतो. यूजरस्पेसमधून (म्हणजे साध्या प्रोग्रॅमकडून) राइट कॉल येणार, त्यातले बाइट कर्नलमध्ये आणायचे, त्यासाठी जागा, म्हणजे बफर, हवा. फाइलच्या वरच्या बाजूला ४०९६ बाइटचा स्टॅटिक अ‍ॅरे लिहून टाकायचा? फंक्शनच्या आतच लोकल अ‍ॅरे घ्यायचा? की केमॅलॉक करायचं (कर्नलकडून मेमरी मागायची) आणि काम झालं की केफ्री (ती परत करायची)? तिन्ही कंपाइल होतात, पहिल्या चाचणीत तिन्ही चालतात. गोची तिथेच आहे.

बहुतेक जण आधी आकार बघतात. बफर लहान असेल तर स्टॅटिक, मोठा असेल तर डायनॅमिक. मीही बरीच वर्षं असंच करत होतो आणि त्यातून निघालेले बग निस्तरत बसत होतो. आता मी आधी मालक शोधतो. हा बफर कोणाचा, एकाच क्षणी असे किती लागू शकतात, आणि तो कधी संपणार? एवढं कळलं की निम्म्याहून जास्त वेळा जागा आपोआप ठरते. आकार, वेग, फ्लॅग हे सगळं त्यानंतर.

खालचं सगळं लिनक्स कर्नल आणि सी भाषा धरून आहे. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

पायरी १: "स्टॅटिक" म्हणजे नेमकं काय ते ठरवा

चर्चेत "स्टॅटिक बफर" म्हटलं की दोन वेगळ्याच गोष्टी एका शब्दात कोंबल्या जातात. एक म्हणजे ग्लोबल किंवा स्टॅटिक अ‍ॅरे. कंपाइल होतानाच त्याचा आकार ठरतो, कर्नल किंवा मॉड्यूल लोड झालं की त्याची जागा अडते आणि मॉड्यूल निघेपर्यंत अडलेलीच राहते. दुसरी म्हणजे फंक्शनमधला लोकल अ‍ॅरे. आकार त्याचाही ठरलेला, पण तो स्टॅकवर असतो आणि फंक्शन संपलं की संपतो. दोन्हींचे धोके इतके वेगळे आहेत की त्यांना एकाच पारड्यात टाकणं बरोबर नाही.

डायनॅमिक म्हणजे धावत्या कर्नलकडून मागून घेतलेली मेमरी. आणि चौथा एक प्रकार आहे जो नवखे हमखास विसरतात: ठरलेल्या आकाराचा अ‍ॅरे एखाद्या स्ट्रक्टच्या पोटात ठेवायचा आणि तो अख्खा स्ट्रक्ट डायनॅमिक घ्यायचा. ड्रायव्हरमध्ये सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो हाच.

ग्लोबल अ‍ॅरेबद्दल दोन बारकावे लक्षात ठेवा. सगळे शून्य असलेला अ‍ॅरे बीएसएस विभागात जातो, म्हणून मॉड्यूलची फाइल लहान दिसते, पण लोड झाल्यावर जागा पूर्ण अडते. त्यातल्या एका जरी घटकाला शून्याखेरीज किंमत दिलीत तर अख्खा अ‍ॅरे डेटा विभागात जातो आणि फाइलही फुगते. शिवाय कर्नलची मेमरी स्वॅप होत नाही. यूजरस्पेसमधला एक मेगाबाइटचा पडीक अ‍ॅरे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. कर्नलमधला तेवढाच अ‍ॅरे मशीन बंद होईपर्यंत खरीखुरी रॅम धरून बसतो.

पायरी २: मालक शोधा

इथे थोडं थांबतो, कारण माझा पहिला मोठा बग इथलाच आहे. एका छोट्या उपकरणाच्या ड्रायव्हरमध्ये मी राइट फंक्शनसाठी १०२४ बाइटचा स्टॅटिक अ‍ॅरे ठेवला होता. यूजरकडून आलेली कमांड त्यात उतरवायची, तपासायची, हार्डवेअरला पाठवायची. महिनोन्महिने सुरळीत चाललं. मग त्या उपकरणाशी बोलणारी दुसरी प्रोसेस आली, आणि अधूनमधून अर्धी कमांड एकाची, अर्धी दुसऱ्याची अशी खिचडी हार्डवेअरकडे जाऊ लागली. लॉगमध्ये काही नाही, क्रॅश नाही. उपकरण फक्त मधूनच वेड्यासारखं वागायचं.

माझा बचाव असा होता की बोर्डावर सीपीयू एकच आहे आणि प्रीएम्प्शनही (कर्नलमधलं चालू काम मध्येच थांबवून दुसरं चालवणं) बंद आहे, मग दोघं एकाच वेळी आत शिरतीलच कसे? शिरतात. यूजरचे बाइट कर्नलमध्ये आणणारं कॉपी_फ्रॉम_यूजर झोपू शकतं, म्हणजे मध्येच थांबून सीपीयू दुसऱ्याला देऊ शकतं. यूजरचं पेज त्या क्षणी रॅममध्ये नसेल तर पेज फॉल्ट होतो, प्रोसेस थांबते, शेड्यूलर दुसरीला आत सोडतो आणि ती त्याच बफरमध्ये लिहू लागते.

म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक) लावून खिचडी थांबली. पण आता एकीचं पेज डिस्कवरून येईपर्यंत सगळ्या दारात ताटकळत. यूजरफॉल्टएफडी (प्रोग्रॅमला स्वतःचे पेज फॉल्ट हाताळू देणारी सोय) वापरून कोणी मुद्दाम स्वतःचा पेज फॉल्ट रोखून धरला तर तो म्यूटेक्स हवा तेवढा वेळ अडवून ठेवता येतो. बफर कॉलचा होता आणि मी तो अख्ख्या ड्रायव्हरचा करून ठेवला होता.

तेव्हापासून बफर दिसला की मी त्याला यांपैकी कुठेतरी बसवतो.

एका कॉलपुरता असेल तर कॉलच्या आत घ्या. अगदी लहान असेल तर स्टॅकवर, नाहीतर केमॅलॉक. यूजरकडून आणायचा असेल तर मेमडप_यूजर वापरा. जागा घेणं आणि कॉपी करणं ते एकत्र करतं. मजकूर असेल तर मेमडप_यूजर_एनयूएल शेवटी शून्य बाइटही टाकून देतं. माझ्या त्या बगवर खरा उपाय एवढाच होता.

एका उघड्या फाइलचा असेल, म्हणजे ओपनपासून रिलीजपर्यंत टिकायला हवा असेल, तर ओपनमध्ये स्ट्रक्ट घ्या, पोटात बफर ठेवा, पत्ता फाइलच्या प्रायव्हेट_डेटामध्ये लावा. मात्र लॉक सुटला असं समजू नका. फोर्क झालेली प्रोसेस किंवा दुसरा थ्रेड तोच फाइल डिस्क्रिप्टर वापरू शकतो. म्यूटेक्स लागतोच, फक्त भांडण त्या एका फाइलपुरतं राहतं.

एका उपकरणाचा असेल तर उपकरण सापडलं की चालणाऱ्या प्रोब फंक्शनमध्ये उपकरणाच्या स्ट्रक्टसोबत घ्या. ग्लोबल अ‍ॅरे इथे हमखास फसतो, कारण "असं उपकरण एकच असणार" हे गृहीतक कोणीतरी दुसरं उपकरण जोडेपर्यंतच खरं असतं.

एका सीपीयूचा असेल तर पर-सीपीयू व्हेरिएबल आहेत. वापरताना प्रीएम्प्शन बंद ठेवावं लागतं, म्हणजे त्या दरम्यान झोपणारं काहीही करता येत नाही, कॉपी_फ्रॉम_यूजरसुद्धा नाही. आकडेवारी आणि तात्पुरती गणितं यांसाठी उत्तम, बाकी जपून.

अख्ख्या कर्नलचा एकच असेल, कायमचा लागणार असेल, तरच ग्लोबल स्टॅटिक. यात सगळ्यात चपखल बसणारी वस्तू म्हणजे न बदलणारे तक्ते. कॉन्स्ट लावा, ते वाचण्यापुरत्या विभागात जातात आणि लॉकचा प्रश्नच मिटतो. फक्त बूट होताना लागणारी माहिती असेल तर तिच्यावर इनिटडेटा ही खूण करा. सुरुवातीचं काम संपलं की कर्नल ती जागा मोकळी करतो. नंतर चुकून तिला हात लावलात तर काय होईल ते सांगायला नको.

लिहिता येणारा ग्लोबल बफर योग्य असल्याचं नमुनेदार उदाहरण खुद्द प्रिंटकेचं, म्हणजे कर्नलचे संदेश छापणाऱ्या फंक्शनचं आहे. कर्नलचे संदेश एका स्टॅटिक अ‍ॅरेत साठतात. त्याचा आकार कॉन्फिगरेशनमध्ये दोनच्या घातात ठरतो, आणि मूळ घात १७ म्हणजे १२८ किलोबाइट. प्रिंटकेला डायनॅमिक मेमरी का परवडत नाही? कारण मेमरी वाटणारी यंत्रणा उभी राहायच्या आधीही संदेश छापावे लागतात, आणि तीच यंत्रणा कोसळली तर तेही छापावंच लागतं. तरीही बूट करताना लॉग_बफ_लेन हे पॅरामीटर देऊन मोठा बफर मागता येतो. मग कर्नल बूटच्या सुरुवातीच्या टप्प्यातच तो घेतो आणि जुना मजकूर त्यात हलवतो.

पायरी ३: मर्यादा खरी की मानलेली?

ठरलेल्या आकाराचा बफर घ्यायचा तर तो आकार कोणी ठरवला हे विचारा. एसएमबसच्या (चिपना जोडणारी एक साधी बस) ब्लॉक व्यवहारात लिनक्सची मर्यादा ३२ बाइट आहे, आणि ती प्रोटोकॉलमधून आलेली आहे. इथरनेटचा पत्ता ६ बाइटचा. या मर्यादा बाहेरून आल्या आहेत, त्यांवर विसंबता येतं. "नाव २५६ पेक्षा लांब कोण कशाला देईल" ही मर्यादा आपण मानलेली असते. तिच्यावर बफर बेतायचा तर लांबी तपासणारी ओळ आणि नकार देणारा एरर कोड दोन्ही हवेत.

डायनॅमिक घेतलं की मर्यादेची काळजी मिटली, हा उलट्या बाजूचा भ्रम. यूजरने दिलेली लांबी तशीच केमॅलॉकला देणं म्हणजे रॅमची किल्ली त्याच्या हाती देणं. जुलै २०२१ मध्ये उघड झालेली सेक्वोया ही त्रुटी (सीव्हीई-२०२१-३३९०९) यावर बोलकी आहे. प्रॉकमधल्या (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या) फाइली छापायला वापरली जाणारी सेक_फाइल यंत्रणा एका पेजच्या बफरने सुरुवात करते आणि मजकूर मावला नाही की दुप्पट बफर घेऊन पुन्हा छापते. कल्पना छान आहे, आजही चालू आहे. पण दुपटीला छत नव्हतं. एकात एक फोल्डर करत एकूण मार्ग एक गिगाबाइटच्या पुढे नेला की बफर दोन गिगाबाइटवर जायचा. तो आकडा पुढे साध्या इंटमध्ये उतरला की ऋण व्हायचा आणि लिखाण बफरच्या बाहेर जायचं. त्यातून साध्या यूजरला रूट होता येत होतं. दुरुस्ती म्हणून बफर घेणाऱ्या फंक्शनमध्ये कमाल आकाराची एक तपासणी टाकली गेली.

गुणाकारावरही नजर ठेवा. ३२ बिटच्या मशीनवर १६ बाइटच्या नोंदी आहेत आणि यूजरने संख्या दिली २६,८४,३५,४५७. गुणाकार चार गिगाबाइटची हद्द ओलांडून फिरून १६ वर येतो. केमॅलॉक आनंदाने १६ बाइट देतो आणि तुमचं लूप २६ कोटी नोंदी लिहायला निघतं. म्हणून आकार हाताने गुणून देऊ नका. केमॅलॉक_अ‍ॅरे आणि केकॅलॉक स्वतः हा ओव्हरफ्लो तपासतात. शेवटी लवचिक अ‍ॅरे असलेल्या स्ट्रक्टसाठी स्ट्रक्ट_साइझ आहे.

पायरी ४: दोन्हींचा मेळ बसतो का बघा

"हे की ते" असं असायलाच हवं असं नाही. कर्नलमधल्या ज्या वाटांवर सतत वर्दळ असते तिथे बहुधा मिश्रणच सापडतं. सोर्स वाचायची सवय नसेल तर निदान हे तीन नमुने उघडून बघा.

सिलेक्ट सिस्टम कॉलला सहा बिटमॅप लागतात: तीन यूजरकडून आलेले, तीन उत्तराचे. कर्नल स्टॅकवर २५६ बाइट ठेवतो. सहाही त्यात मावले तर तेच वापरतो, नाहीतर डायनॅमिक मेमरी घेतो. मोजके डिस्क्रिप्टर असलेल्या नेहमीच्या कॉलला त्यामुळे मेमरी मागायचा खर्चच पडत नाही.

डेंट्री, म्हणजे फाइलच्या नावाची कर्नलमधली नोंद. लहान नाव स्ट्रक्टच्या पोटातल्या छोट्या अ‍ॅरेत राहतं, लांब असेल तरच वेगळी मेमरी. बहुतेक फाइलींची नावं लहान असल्याने दुसरी वाट क्वचितच लागते.

तिसरा माझा आवडता, एसपीआय_राइट_देन_रीड. एसपीआय (चिपना जोडणारी आणखी एक बस) यंत्रणा सुरू होतानाच एक छोटा बफर घेऊन ठेवते, सगळ्यांसाठी एकच. कॉल आला की म्यूटेक्स मिळतो का ते फक्त चाचपून बघते, वाट बघत नाही. मिळाला आणि आकार मावला तर तयार बफर, नाहीतर केमॅलॉक करून नवा. सामायिक बफरमुळे रांग लागते हे माझं पायरी २ मधलं दुखणं इथे दोन-चार ओळींत सुटलं आहे.

अर्थात यात फांद्या दोन होतात, आणि चाचणीत बहुधा एकच धावते. लांब नावाची फांदी कधी चालवलीच नाही तर तिच्यातला बग ग्राहकाकडेच सापडणार. मिश्रण करायचं तर मोजमाप हातात असू द्या. नुसतं "वेगवान वाटतं" म्हणून करू नका.

पायरी ५: स्टॅकवर ठेवताना अंथरूण पाहा

यूजरस्पेसमध्ये स्टॅक आठ मेगाबाइटचा असतो आणि गरजेनुसार वाढतो. कर्नलचा स्टॅक वाढत नाही. एक्स८६-६४ वर तो १६ किलोबाइट आहे, २०१४ मधल्या ३.१५ आवृत्तीपर्यंत तर ८ च होता. हे १६ किलोबाइट एकट्या तुमच्या फंक्शनचे नाहीत. सिस्टम कॉल, फाइलसिस्टम, ब्लॉक लेयर, ड्रायव्हर अशी अख्खी साखळी त्यात राहते, आणि तुम्ही साखळीत कितव्या नंबरवर आहात ते तुम्हाला बहुधा माहीत नसतं.

एका फंक्शनची फ्रेम मर्यादेबाहेर गेली तर कंपाइलर इशारा देतो. ही मर्यादा ६४ बिटवर सहसा २०४८ बाइट, ३२ बिटवर १०२४. ती धोक्याची घंटा आहे, तेवढं वापरायची मुभा नव्हे. मी स्वतः १२८ बाइटपर्यंत निर्धास्त असतो, २५६ ला विचार करतो, त्यापुढे केमॅलॉक. ४०९६ बाइटचा फाइलमार्ग स्टॅकवर ठेवण्याचा विचारही करू नका. कर्नल स्वतः त्यासाठी वेगळी स्लॅब कॅश (एकाच मापाच्या वस्तूंचा साठा) राखतो.

चालत्या किमतीवरून आकार ठरणारे अ‍ॅरे, ज्यांना व्हीएलए म्हणतात, ते कर्नलमध्ये बंद आहेत. २०१८ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ते काढून टाकण्याचा आग्रह धरला आणि त्याच वर्षअखेरीच्या ४.२० पासून कंपाइलर त्यांवर इशारा देतो. आकार आधी माहीत नसलेली वस्तू स्टॅकवर ठेवणं म्हणजे यूजरच्या हातात स्टॅकची लांबी देणं.

स्टॅकवरच्या बफरमध्ये मागच्या फंक्शनांचा कचरा पडलेला असतो. तो न पुसता स्ट्रक्ट भरला आणि यूजरला परत दिला तर दोन फील्डमधल्या मोकळ्या बाइटांतून कर्नलची माहिती बाहेर जाते. आधी मेमसेट करा. केमॅलॉकलाही हेच लागू आहे, म्हणून यूजरकडे जाणाऱ्या वस्तूंसाठी केझॅलॉक.

पायरी ६: मागायची वेळ कोणती?

डायनॅमिक मेमरी म्हणजे नकार मिळण्याची शक्यता. तो नकार तुम्ही कुठे उभे असताना मिळणार, यावर बरंच काही ठरतं.

साध्या प्रोसेस संदर्भात केमॅलॉकला जीएफपी_कर्नल हा फ्लॅग द्या. ते झोपू शकतं, कॅश रिकामी करून जागा काढू शकतं. चार किलोबाइटच्या पेजवर ३२ किलोबाइटपर्यंतच्या मागण्या तर कर्नल सहसा नाकारतच नाही, वेळप्रसंगी एखादी प्रोसेस मारून जागा करतो. सहसा म्हणजे नेहमी नव्हे. मारली जाणारी प्रोसेस तुमचीच असली तर नकार तुम्हालाच. नल (नकार म्हणून मिळणारा रिकामा पत्ता) तपासायचं ते तपासायचंच.

इंटरप्टमध्ये किंवा स्पिनलॉक (न झोपता वाट बघायला लावणारा लॉक) धरलेला असताना झोपता येत नाही, तिथे जीएफपी_अ‍ॅटॉमिक. तो थांबत नाही, राखीव साठ्यातून मिळालं तर देतो, नाहीतर लगेच नल. नेमकी मशीनवर ताण असतानाच तो अपयशी ठरतो, म्हणजे जेव्हा तुम्हाला सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा. तहान लागल्यावर विहीर खणायची ही जागा नाही. प्रोब किंवा ओपनमध्ये, निवांत असताना, जीएफपी_कर्नलने बफर घेऊन ठेवा आणि इंटरप्टमध्ये फक्त वापरा. इंटरप्ट हँडलरमध्ये केमॅलॉक दिसलं की मी कोड परत पाठवतो. त्यातल्या बहुतेकांना तिथे त्याची गरज नसते.

फाइलसिस्टम किंवा ब्लॉक ड्रायव्हरमध्ये आणखी एक सापळा आहे. मेमरी मोकळी करण्यासाठी कर्नल डिस्कवर पेज लिहू पाहतो, ते लिखाण तुमच्याच ड्रायव्हरकडे येतं, आणि तुम्ही मेमरीसाठी थांबलेले. त्यासाठी जीएफपी_नोआयओ आणि जीएफपी_नोएफएस आहेत. काम पुढे गेलंच पाहिजे अशी जागा असेल तर मेमपूल वापरा. तो काही वस्तू आधीच बाजूला काढून ठेवतो. डिस्कच्या लिखाणाची वाट त्यावरच उभी आहे.

पायरी ७: कुठलं फंक्शन?

केमॅलॉक प्रत्यक्ष रॅममध्ये सलग जागा देतं आणि मागणी ठराविक मापांत वर नेतं: ८, १६, ३२, ६४, ९६, १२८, १९२, २५६, तिथून दुपटीने ८१९२ पर्यंत. त्यापुढची मागणी थेट पेज वाटणाऱ्या यंत्रणेकडे जाते. ४१०० बाइट मागितले तर ८१९२ खर्ची पडतात. ४०९६ च्या बफरला पुढे छोटं हेडर चिकटवणाऱ्यांना हे कळत नाही आणि हजारो वस्तू झाल्या की निम्मी रॅम कुठे गेली हे शोधत बसावं लागतं.

एकाच मापाच्या भरपूर वस्तू घ्यायच्या-सोडायच्या असतील तर स्वतःची स्लॅब कॅश करा. स्लॅबची ही कल्पना जेफ बॉनविक यांनी १९९४ मध्ये सनओएसबद्दलच्या शोधनिबंधात मांडली होती. लिनक्समध्ये तिच्या तीन आवृत्त्या नांदत होत्या, ६.८ पासून फक्त स्लब उरला आहे.

मोठा बफर हवा आणि तो प्रत्यक्षात सलग असायची गरज नाही, तर केव्हीमॅलॉक. आधी केमॅलॉकचा प्रयत्न, जमलं नाही तर व्हीमॅलॉक, जे विखुरलेली पेज सलग पत्त्यांवर जोडून देतं. सोडताना केव्हीफ्री. दिवसेंदिवस चाललेल्या मशीनवर सलग पेज दुर्मीळ होत जातात, त्यामुळे शेकडो किलोबाइटच्या केमॅलॉकचं यश बूटनंतर किती वेळ झाला यावर अवलंबून राहतं. विकसकाच्या टेबलावर ते दिसत नाही.

पायरी ८: बफर हार्डवेअर वाचणार असेल तर

डीएमए, म्हणजे हार्डवेअरने सीपीयूला वगळून थेट मेमरी वाचणं-लिहिणं, आलं की निवड तुमच्या हातात फारशी राहत नाही. डीएमएसाठी ग्लोबल अ‍ॅरे, मॉड्यूलमधला अ‍ॅरे, स्टॅक आणि व्हीमॅलॉकची मेमरी यांपैकी काहीच चालत नाही. मॉड्यूलचा डेटा व्हीमॅलॉकसारख्याच पट्ट्यात राहतो. त्याचा पत्ता सरळ वजाबाकीने प्रत्यक्ष पत्त्यात बदलत नाही.

स्टॅकवरून डीएमए करणारे ड्रायव्हर बरीच वर्षं एक्स८६ वर नशिबाने चालत होते. २०१६ अखेरीच्या ४.९ मध्ये स्टॅक व्हीमॅलॉकमधून घ्यायची सोय आली, ओव्हरफ्लो पकडायला शेवटी संरक्षक पेज लागलं, आणि असे अनेक यूएसबी ड्रायव्हर उघडे पडले. यूएसबीला दिलेला चार बाइटचा बफरसुद्धा केमॅलॉकचाच हवा.

स्ट्रक्टच्या पोटातला बफर डीएमएसाठी वापरताना शेजारी बघा. काही आर्किटेक्चरवर डीएमए आणि सीपीयूची कॅश आपोआप जुळत नाहीत, कॅश लाइन हाताने बाद करावी लागते. बफरच्या कॅश लाइनवरच एखादा काउंटर बसलेला असेल तर बफरसोबत त्याची ताजी किंमतही जाते. बफर वेगळा केमॅलॉक करा, किंवा स्ट्रक्टच्या शेवटी ठेवून कॅश लाइनवर आणा. सेन्सरच्या आयआयओ ड्रायव्हरमध्ये आयआयओ_डीएमए_मिनअलाइन लावलेला अ‍ॅरे तळाशी दिसतो तो यासाठीच. हार्डवेअर आणि सीपीयू दोघांनी सतत बघायची रिंग असेल तर डीएमए_अ‍ॅलॉक_कोहेरंट.

पायरी ९: सोडायचं कोणी?

नेहमीची पद्धत म्हणजे फंक्शनच्या तळाशी उलट्या क्रमाने लेबलं आणि गोटू. जुनी आहे, पण वाचणाऱ्याला लगेच कळते. ६.५ पासून क्लीनअपची सोय आली आहे. व्हेरिएबलवर खूण केली की ते स्कोपबाहेर जाताच केफ्री होतं. एका कॉलपुरत्या बफरसाठी ती मला पटली आहे.

डीईव्हीएम_केझॅलॉक उपकरण निघून गेलं की स्वतः मेमरी सोडतं, म्हणून सगळीकडे तेच वापरायचा मोह होतो. पण कोणी फाइल उघडून बसलेलं असताना उपकरण उपटलं तर? मेमरी गेली, फाइल जिवंत, पुढच्या रीडला तुम्ही मेलेल्या पत्त्यावर. उघडी फाइल ज्याला धरून आहे तो स्ट्रक्ट साध्या केझॅलॉकने घ्या आणि त्याला किती जण धरून आहेत ते केरेफने मोजा.

पायरी १०: तपासा

स्टॅकसाठी कर्नल सोर्समधली चेकस्टॅक स्क्रिप्ट, मॉड्यूलच्या बीएसएससाठी साइझ कमांड, चालू वस्तूंसाठी स्लॅबटॉप. गळती शोधायला केमेमलीक. हद्दीबाहेरचं लिखाण पकडायला केएसॅन, जे डायनॅमिकच नव्हे तर ग्लोबल आणि स्टॅकवरच्या अ‍ॅरेलाही संरक्षक पट्टी लावतं. ते नसेल तर ग्लोबल अ‍ॅरेबाहेरचा एक बाइट शेजारच्या व्हेरिएबलमध्ये मुकाट जाऊन बसतो.

यात सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे फेलस्लॅब. ते केमॅलॉकला ठरवून अपयशी करतं. तुमच्या एरर फांद्या पहिल्यांदा तिथेच धावतात. मी एका ड्रायव्हरवर ते लावलं तेव्हा पाच मिनिटांत दोन ठिकाणी कर्नल कोसळला.

सगळं एकत्र: एक उपकरण, पाच बफर

समजा यूएसबीवर जोडलेलं मोजणी यंत्र आहे. यूजर मजकुरी कमांड देतो, यंत्राला ६४ बाइटचं पाकीट जातं, उत्तर तेवढंच येतं, मोजणीचे आकडे सतत येत राहतात, आणि सुरुवातीला फर्मवेअर चढवावं लागतं.

यूजरची कमांड एका कॉलची आहे. लांबी १०२४ च्या पुढे असेल तर नकार, नाहीतर मेमडप_यूजर_एनयूएल आणि शेवटी केफ्री.

६४ बाइटचं पाकीट आकाराने स्टॅकवर सहज मावेल, पण ते यूएसबीला जाणार. म्हणून प्रोबमध्ये एकदाच वेगळा केमॅलॉक, पत्ता उपकरणाच्या स्ट्रक्टमध्ये, सोबत म्यूटेक्स. यंत्र एका वेळी एकच कमांड घेतं, त्यामुळे इथली रांग खरीच आहे. उत्तराचा बफरही तसाच.

मोजणीचे आकडे यूएसबी पूर्ण झाल्याच्या कॉलबॅकमध्ये येतात, तिथे झोपता येत नाही. त्यांच्यासाठी उघड्या फाइलमागे एक केफिफो (कर्नलची तयार रांग), ओपनमध्येच घेतलेली. भरली तर नवे आकडे टाकून द्यायचे आणि किती टाकले ते मोजायचं. कॉलबॅकमध्ये मेमरी मागायची नाही.

फर्मवेअरसाठी रिक्वेस्ट_फर्मवेअर स्वतःच जागा घेतं. आपल्याला फक्त तुकडे पाठवायचे. पण दिलेला पत्ता डीएमएला चालेल याची खात्री नसते, म्हणून ४०९६ बाइटचा एक केमॅलॉक तुकडा घ्यायचा, त्यात कॉपी करत पाठवायचं आणि चढवून झालं की लगेच सोडायचा. हेडर लागलं तर त्या ४०९६ च्या आतच, पुढे चिकटवून नाही.

स्टॅटिक काय उरलं? एरर क्रमांकांचा मजकुरी तक्ता, कॉन्स्ट लावलेला.